झुमाचा फोटो कुठे आहे?

आरुखर्क,
९ मार्गशीर्ष

प्रिय मितिनीस,

नंदकलीचा नमस्कार. तू, मुलगा, सून, नातवंडं सगळी सुखरूप असाल. इकडे आम्ही बरे आहोत. नाचणी कापून झाली, पेंढा गोठ्यावर चढला, संत्री यंदा कमी धरली पण गोड आहेत. आमचे हवालदारसाहेब दिवसभर ओसरीवर ऊन खात बसतात आणि रेडिओला शिव्या देतात. माझा डावा गुडघा दुखतो. बाकी ठीक.

झालं, रीतीचं लिहून झालं. आता भांडते.

मी फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतेस. मागच्या महिन्यात सुनेने उचलला तर मागून ऐकू आलं, "सांग, घरात नाहीत म्हणून." मितिनी, चितवनला खाली उतरून गेलीस तरी तुझा आवाज काही उतरलेला नाही. शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल. म्हणून हे पत्र. मोठ्या अक्षरात लिहितेय, म्हणजे चष्मा सापडला नाही ही सबब नको. आणि वाचता येत नाही असं तर मला सांगूच नकोस. प्रौढांच्या वर्गात आपण एकाच पाटीवर गिरवलेलं आहे.

काम असं आहे. काठमांडूची रोशना नावाची एक बाई आहे. जुने फोटो गोळा करते, त्यांची प्रदर्शनं भरवते. दोन वर्षांपूर्वी नव्या रस्त्याची धूळ खात इकडे आली, चहाला माझ्या फोटोच्या दुकानाशेजारी थांबली, आणि माझ्या भिंतीकडे बघत चहा गार करून बसली. मग पेट्या उघडायला लावल्या. सव्वीस वर्षांचे फोटो, गं. तिला वाटलं होतं बर्फाचे डोंगर निघतील. निघाल्या आपल्या बायका. नाचणी झोडणाऱ्या, पाणवठ्यावर भांडणाऱ्या, शेणाच्या टोपलीखाली वाकलेल्या, एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या. ती म्हणाली, "दिदी, हे सगळं तुम्ही कोणासाठी काढलंत?" मी म्हटलं, रीळ उरायचं म्हणून. लग्नाचे फोटो काढून चार-पाच उरायचेच. ते वाया कशाला घालवायचे?

तिने चाळीस निवडले. फाल्गुनात काठमांडूजवळ पाटणला मोठ्या दालनात लावणार आहे. त्या चाळिसांतले सतरा तुझे आहेत. वासराला मिठी मारून बसलेली तू. तोंडात चिवडा कोंबून हसणारी तू. सासूची पाठ वळताच जीभ दाखवणारी तू, तो तर मी विसरलेच होते. तुझ्या चुलीचे जे चार आहेत ते बघून रोशना म्हणते, "दाराची चौकट काय सुरेख साधली आहे!" चौकट कसली डोंबलाची. तुमची उच्च जातीच्या छेत्रींची चूल, मी मगर जमातीची पोर, तुझी सासू मला उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हती म्हणून सगळे बाहेरून काढलेत. हे तिला सांगितलं तर तिने वहीत लिहून घेतलं.

आता ज्यांचे फोटो त्यांची सही लागते. सहीपायी मला किती फिरवलं आहे लोकांनी म्हणून सांगू! जितमाया काकीचा उवा मारतानाचा फोटो आहे. काकी म्हणते, "हा लावलास तर काठमांडूत म्हणतील, आरुखर्कच्या बायका नुसत्या उवा मारतात."

"काकी, मारत होतात ना?"

"मारत होते. पण त्याच्या आदल्या दिवशी नवी चोळी घातली होती, तेव्हा कुठे मेली होतीस?"

वॉर्डाचे अध्यक्ष, आपले वडाध्यक्ष, त्यांचं तिसरंच. म्हणे माझा फोटो पहिला लाव. मी म्हटलं, तुमचा फोटो नाहीच, प्रदर्शन रोजच्या जगण्याचं आहे. तर म्हणतो, "मी काय रोज जगत नाही?" शेवटी त्याचा एक काढला. लावणार नाही, पण काढला.

सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुझी नाही. दोनदा कागद पाठवला, दोनदा पाकीट न फोडता परत आलं. हा तिसरा. रोशना विचारते, "दिदी, या खगीसराबाई तुमच्या कोण?" काय सांगू? सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची, असं सांगू? आठव्या वर्षी आपल्या आयांनी दोघींना समोरासमोर बसवून टिळा लावला, कपडे बदलायला लावले आणि म्हणाल्या, आता तुम्ही मितिनी, आता मरेपर्यंत सुटका नाही. मितिनीला नावाने हाक मारायची नसते, अहो-जाहो करायचं असतं. नाव आपण कधी घेतलं नाही, पण अहो-जाहोही केलं नाही, म्हाताऱ्या ओरडायच्या. ही माझी मितिनी आठ वर्षं माझ्याशी बोलत नाही, हे त्या शहरातल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगू?

माझं काय चुकलं ते तरी बोल. गाव सोडून निघालात त्या दिवशी मी पोचवायला आले नाही म्हणून? मला ताप होता. तुझ्या सासूच्या तेराव्याला आले नाही म्हणून? मला कोणी कळवलंच नाही. मनात ठेवून ठेवून तू स्वतःलाही त्रास देतेस आणि मलाही.

इथे आता फोटो काढायला माणूस उरलेलं नाही. आपल्या वाडीतल्या छत्तीस घरांपैकी एकोणीस घरांना कुलपं आहेत. दुकानात येतात ते फक्त पासपोर्टच्या फोटोसाठी. कान दिसू द्या, हसू नका, झालं. चेहरा लक्षात राहायच्या आत माणूस विमानात. असो, तो विषय नको.

कागदावर सही कर आणि पाठव. उगाच शंका नको म्हणून सांगते, तुझ्या झुमाचा एकही फोटो त्यात नाही.

तुझी मितिनी,
नंदकली


आरुखर्क,
२ पौष

मितिनीस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पत्र तरी काय म्हणायचं त्याला! मी तीन पानं लिहायची आणि तू माझाच कागद सही न करता परत धाडायचा, मागे चार शब्द खरडून. 'झुमाचा फोटो कुठे आहे?' कशी आहेस नाही, गुडघा कसा आहे नाही.

आठ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'झ' अजून उलटाच काढतेस.

कुठला फोटो विचारतेस? मुलगी लहानाची मोठी इथेच झाली, पन्नास फोटो असतील. त्यांतले बरेच खराब झाले. या दमट हवेत काचेवर बुरशी चढते, निगेटिव्हला काय सोडणार. मागे दुकानात उंदीर झाले होते, त्यांनी एक अख्खी पेटी खाल्ली. त्यात गेले असतील. शोधून बघते. सापडले तर पाठवते, पण त्यासाठी सही अडवून धरायची काय गरज? प्रदर्शन तुझ्या-माझ्या फोटोंचं आहे. पोरीला मध्ये आणायचं काही कारण

६ पौष

वरचं सगळं खोटं आहे. फाडून टाकणार होते. मग म्हटलं, राहू दे. मी कशी खोटं बोलते ते तुझ्या हातात लेखी असू दे.

उंदीर झाले नव्हते. झुमाचे त्रेपन्न फोटो आहेत, सगळे धडधाकट. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात घालून मी ते कपाटाच्या वर ठेवून दिले होते. बारा वर्षं डबा उघडला नाही. मागच्या श्रावणात रोशना स्टुलावर चढली आणि तिने तो खाली काढला. मी नको म्हणेपर्यंत तिच्या हातात एक फोटो होता. तो घेऊन ती दाराच्या उजेडात गेली. मग म्हणाली, "दिदी, सगळ्या प्रदर्शनात हा एकच पुरे." तेव्हापासून ती माझ्या मागे लागली आहे. दालनाच्या दारात, माणसाच्या उंचीएवढा मोठा करून लावायचा म्हणते. मी चाळिसांवर अडून बसले आहे. तुझी सही मागत होते ती सतरांसाठी, हे खरं. पण मनात हाही होता. तू सतरांना हो म्हणालीस की मग हळूच अठरावा सरकवता येईल, असा माझा हिशोब. बघ, कसली आहे मी.

तो फोटो कधीचा ते तुला माहीत आहे, म्हणूनच विचारलंस.

सतरा वर्षांची होती. तुम्ही तिचं चितवनच्या त्या दुकानदाराशी ठरवलं होतं, पहिली बायको गेलेल्या. तूच येऊन माझ्याजवळ रडली होतीस, "मला नको आहे गं, पण तिच्या बापाने शब्द दिला." त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी झुमा दुकानात आली. दार आतून लावून घेतलं. आईच्या मितिनीला म्हणायचं तसं म्हणाली, "मीतआमा, पासपोर्टचा फोटो काढा. पण मी पंचवीस वर्षांची दिसायला हवी. त्याहून लहान बायकांना घरकामाला पाठवत नाहीत."

मी म्हटलं, "कोण पाठवणार आहे तुला?"

"एक माणूस आहे. सगळे कागद तोच करतो. फोटो तेवढा आपला."

"आई?"

"आईला सांगाल तर मी नदीत उडी टाकेन."

तशी ती नाटकी होतीच, नदीत उडी वगैरे तिचं नेहमीचं. मी घाबरले नव्हते, मितिनी. घाबरून काढला असता तर आज सांगायला सोपं गेलं असतं. मी माझी निळी साडी तिला नेसवली. केस मागे ओढून अंबाडा घातला. माझ्या कानातली तिच्या कानात घातली, माझ्या गळ्यातली हिरवी पोत काढून तिच्या गळ्यात घातली, डोळ्यांखाली बोटाने थोडी काजळी फासली. हसू नकोस म्हटलं. सहा फोटो काढले. रिळात दोन उरले होते. ती आरशात स्वतःला बघायला वळली, साडी घोट्याच्या वर राहिलेली, आणि तिला आधी हसू आलं, मग ते अर्ध्यावरच थांबलं. तेवढ्यात मी दाबलं. तो हा फोटो. पोत तिने परत दिली नाही, मीही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती बसने गेली. दुपारी तू माझ्या दारात आलीस. पायात चपला नव्हत्या तुझ्या. म्हणालीस, "झुमा तुला काही बोलली का?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. एक शब्द. तू मान हलवलीस आणि गेलीस.

पुढे तुम्हाला कळलं की ती अकरा दिवस काठमांडूत होती, बसस्टँडजवळच्या एका खोलीत, विमानाची वाट बघत. अकरा दिवस. मी तुला सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तू तिथे पोचली असतीस. ती चार वर्षांनी परत आली, तेव्हा तिच्या पासपोर्टावरचा फोटो तू पाहिलास. माझी पोत, माझी कानातली. त्यानंतर महिन्याभरात तुम्ही गाव सोडलंत. आणि मी तुला विचारते, माझं काय चुकलं ते बोल!

का केलं? बारा वर्षं मी स्वतःला सांगत आले की पोरीला त्या लग्नातून सोडवलं. तेही थोडं खरं असेल. पण मितिनी, मला मूल झालं नाही. ती आपल्या आईला सोडून माझ्याकडे आली, दार लावून घेतलं, मला एकटीला सांगितलं. तू दारात उभी होतीस तेव्हा तुझ्याजवळ नसलेलं काहीतरी माझ्याजवळ होतं. ते मला सोडवेना. याहून बरं कारण असतं तर तेच लिहिलं असतं.

रोशनाला कळवलं आहे, तुझा शब्द आल्याशिवाय तो फोटो लागणार नाही. इतर सतराही नाहीत. कागद सोबत जोडला आहे. वाटलं तर चुलीत घाल.

नंदकली


आरुखर्क,
२१ फाल्गुन

मितिनीस नमस्कार.

सही मिळाली. कागदामागचं वाक्यही. 'लाव. खाली तुझ्या हाताने खरं लिही.' या वेळी चार शब्द नाहीत, सहा आहेत. पण आठ पानांचं काम दिलंस.

त्या तीन ओळी लिहायला मला महिना लागला. किती कागद फाडले. प्रत्येक वेळी काहीतरी बरं लिहून जायचं, 'परिस्थितीमुळे' म्हणून, 'तिच्या भल्यासाठी' म्हणून. मग खोडायचं. रोशना तर ऐकेना. "दिदी, एवढं कोणी लिहीत नाही. लोक फोटो बघायला येतात, कबुलीजबाब वाचायला नाही. 'पहाडातली मुलगी' पुरे आहे."

मी म्हटलं, "तिला नाव आहे."

"मग नाव लिहू. बाकीचं नको. तुमचंच नाव खराब होईल."

सव्वीस वर्षं राबले, म्हातारपणी एकदा कुठे चार लोक माझं नाव घेणार होते, आणि तेही मीच माझ्या हाताने घालवायचं. हो, राग आला. तुझा पण आला. म्हटलं, दुसरं काही मागितलं असतं हिने. पण सांगितलंस तसं केलं. लिहिलं ते असं:

'झुमा, वय सतरा. फोटो काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती घर सोडून गेली. ती जाणार हे मला माहीत होतं. तिच्या आईने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. नंदकली पुन.'

पहिल्या दिवशी गावातून जीप भरून माणसं आली. जितमाया काकी नवी चोळी घालून आपल्या उवांच्या फोटोखाली उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "हा चुकून निघालेला आहे, मी खरी अशी आहे." वडाध्यक्ष आपला फोटो शोधत तीन वेळा दालनभर फिरला. सगळे हसत होते. मग कोणीतरी दारातल्या फोटोखालचं मोठ्याने वाचलं. गावातल्यांनी तो आत येताना नुसता पाहिला होता, खालचं वाचलं नव्हतं. काकी माझ्याकडे आली. मला वाटलं आता शिव्या देईल. तिने माझा हात हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि सोडून गेली. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. चार दिवसांनी गावी परतताना जीपमध्ये माझ्या शेजारच्या जागेवर सगळ्यांच्या पिशव्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी झुमा आली. तू पाठवलंस की आपणहून आली ते मी विचारलं नाही. दारात आपल्याच एवढ्या मोठ्या फोटोसमोर उभी होती. मी ओळखलं ते तिच्या उभं राहण्यावरून, एका पायावर भार टाकून, तुझ्यासारखी. मी जवळ जाऊन हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. मला वाटलं, बोलायचं नाही तिला. मग दुसऱ्या बाजूने गेले तर दचकली.

"मीतआमा! या बाजूने बोला. त्या कानाने ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"तिथल्या दुसऱ्या वर्षापासून," ती म्हणाली. कशामुळे, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

हे मला कोणी कळवलं नव्हतं. कोण कळवणार म्हणा.

मग ती फोटोकडे बघत म्हणाली, "मी बरी दिसत होते की! तेव्हा बोलला नाहीत."

"तेव्हा मी तुला हसू नकोस म्हणत होते."

"हं." तिने खालचं वाचलं. हळूहळू वाचलं. "पेन आहे?"

मी दिलं. तिने 'सतरा' वर आडवी रेघ ओढली आणि वर 'सोळा' लिहिलं. रोशना धावत आली, "अहो, अहो, काय करता?" मी तिला थांबवलं.

"त्याच कार्तिकात सोळा पूर्ण झाली होती," झुमा म्हणाली. "तुम्हीच सेलरोट्या तळून आणल्या होतात. विसरलात?"

विसरले नव्हते, मितिनी. बारा वर्षं सतरा सतरा म्हणून म्हणून मला तेच खरं वाटायला लागलं होतं. तुलाही मागच्या पत्रात तेच लिहिलं, आणि कबुली देतेय असं समजून लिहिलं.

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. मी मोमो आणले. तिने दोन खाल्ले, मला एकही गेला नाही. शिवणाचं दुकान बरं चालतं म्हणाली. तो चितवनचा दुकानदार आता तिच्याकडूनच मुलींचे फ्रॉक शिवून घेतो, हे सांगताना हसली. मग म्हणाली, "आईला त्याच दिवशी संशय आला होता. तुमच्या गळ्यात पोत नव्हती. पण तिला वाटलं, मितिनी खोटं बोलणार नाही. म्हणून घरी परत गेली."

मी विचारलं, "तू आईला ते फोनचं सांगितलंस का?"

"नाही."

"का?"

"ते तुमचं आहे. मी का सांगू?" ती उठली. साडी झटकली. "आईने निरोप दिलाय. कागदावरचं पुरे झालं म्हणते. तुम्ही तिला तोंडाने 'नाही' म्हणाला होतात. आता तोंडाने सांगायला या म्हणाली."

सोमवारच्या बसने येते आहे. हवालदारसाहेब म्हणतात, गुडघा घेऊन एवढं लांब कुठे निघालीस. त्यांना म्हटलं, तुमचं ऊन संपेपर्यंत परत येते. पण मला माझी खात्री नाही. बसमध्ये मन बदलेल, तुझ्या अंगणात पोचेपर्यंत मी काहीतरी बरं वाटेल असं शोधून काढेन. मला ते फार चांगलं जमतं. म्हणून ते फोनचं इथेच लिहून टाकते. म्हणजे माझ्या आधी ते तुझ्याकडे पोचेल आणि मला मागे फिरता येणार नाही.

ती गेली त्याच्या नवव्या दिवशी दुकानातला फोन वाजला. झुमा होती. म्हणाली, "मीतआमा, एका खोलीत आम्ही सात जणी आहोत. मला इथे बरं वाटत नाही. घरी येऊ का?"

मी म्हटलं, "आलीस तर ते लग्न आहेच. आणि गाव हसेल ते वेगळं. चार दिवस रडशील, मग सवय होईल. जा."

ती "बरं" म्हणाली. पैसे संपत आले असतील, फोन तुटला.

मी फोनवर बोलत होते तेव्हा समोरच्या पाणवठ्यावर तू घागर भरत होतीस. मला खिडकीतून दिसत होतीस. नऊ दिवसांत तुझे केस विंचरलेले नव्हते. घागर भरून वाहत होती तरी तू तशीच उभी होतीस. मी नुसती हाक मारली असती. "इकडे ये, फोन आहे," एवढंच. पन्नास पावलं होती.

मारली नाही. फोन ठेवला. आणि त्या वेळी माझ्या मनात आलं ते हे, की घागरीजवळ उभी असलेली तू, चांगला फोटो होईल. मी काढला. तो त्या सतरांमध्ये आहे. दालनात लोक त्याच्यासमोर सर्वांत जास्त वेळ थांबत होते. रोशनाने त्याखाली 'पाणवठा' असं लिहिलं होतं. परवा पाटणला जाऊन तो मी माझ्या हाताने उतरवला. येताना घेऊन येते. तुझा आहे तो.

एवढंच होतं. आता माझ्याजवळ काही उरलं नाही.

सोमवारी तिन्हीसांजेच्या आत पोचेन. मी आले की लगेच पाणी देऊ नकोस. पाहुणी आली म्हणून उठूही नकोस. आधी मला अंगणात उभी राहून सगळं बोलू दे. मध्ये थांबले तर थांबू देऊ नकोस. मग तुला वाटलं तर पाणी दे.

खगीसरा, पहिल्यांदाच तुझं नाव घेऊन लिहिते. मितिनी म्हणायचा हक्क उरलाय का ते तू सांगशील.

नंदकली